विकासकाम चालू, गैरसोयीबद्दल दिलगीर

हल्ली खेळणं कोणी विकत घेत नाही. घेतला जातो तो विकास. खोक्यावर तसं ठसठशीत छापलेलंच असतं: बोटांच्या स्नायूंचा विकास, भाषेचा विकास, तर्कशक्तीचा विकास, वय वर्षे एक ते तीन. आत निघतात एकात एक बसणारे प्लॅस्टिकचे पाच डबे. किंमत हजाराला एक रुपया कमी. तसलेच पाच डबे प्रत्येक घरात ओट्याखाली असतात, पण त्यांच्यावर विकास छापलेला नसतो. फार तर कोणाच्या तरी मुंजीची तारीख कोरलेली असते.

खोकं फुटतं आणि काम सुरू होतं. दीड वर्षाचे साहेब एकेक डबा उचलतात, बाल्कनीच्या गजांतून खाली सोडतात आणि प्रत्येक वेळी वाकून निकाल बघतात. नेमक्या याच क्षणी घरातले सगळे एका सुरात ओरडतात, 'टाकायचं नाही!'

माझं म्हणणं एवढंच आहे. आपण रोख पैसे मोजून विकास घरी आणतो, आणि तो सुरू झाला की त्याला 'पोरगं फार वाह्यात झालंय' म्हणतो.

जाँ पियाजे नावाचे एक स्विस मानसशास्त्रज्ञ होते. त्यांनी स्वतःच्या तीन मुलांवर बारीक नजर ठेवली आणि १९३६ साली त्याचं पुस्तक केलं. त्यातला लॉरां दहा महिन्यांचा असताना पाठीवर पडल्या पडल्या सेल्युलॉइडचा हंस, एखादी डबी असं हाताला लागेल ते धरायचा आणि सोडून द्यायचा. हात कधी सरळ वर, कधी तिरका, कधी डोळ्यांपुढे, कधी मागे. म्हणजे वस्तू तीच, जागा बदललेली, परिणाम काय ते बघायचं. बापाने ओरडण्याऐवजी वही काढली. आपल्याकडे असा प्रयोग करायला अकरावी सायन्सपर्यंत थांबावं लागतं, आणि तेव्हाही वही कोणाच्या तरी वहीवरून उतरवलेली असते. तो हंस परत परत उचलून कोण देत होतं, याबद्दल मला दाट संशय आहे. त्या निरीक्षणांत पियाजेंच्या पत्नी व्हॅलेंटीन याही सहभागी होत्या, एवढं नमूद करतो आणि पुढे जातो.

पोरांचं बरंचसं 'वाईट वागणं' या जातीचं असतं. डब्यातून डाळ ओतणं, ओतलेली डाळ परत भरणं, पुन्हा ओतणं. चपलांच्या कपाटातून चपला काढून दिवाणखान्यात ओळीने मांडणं. तुळशीतली माती पाण्याच्या भांड्यात आणि भांड्यातलं पाणी तुळशीत. याच गोष्टी रंगीत खोक्यात घालून 'संवेदी खेळसंच' म्हणून विकल्या, की आपण पुनरावलोकनं वाचून, कूपन लावून मागवतो. तुळशीच्या मातीला कूपन नाही, म्हणून ती घाण.

*

आता भोकाडाकडे वळू. स्थळ: कोणतंही सुपरमार्केट, बिस्किटांची रांग. दोन वर्षांच्या नागरिकाला हवं ते मिळत नाही. नागरिक फरशीवर फतकल मारतो, मग लोळण घेतो, मग आवाज लावतो. आजूबाजूचे लोक आईकडे अशा नजरेने बघतात, जणू त्यांची स्वतःची मुलं जन्मतःच पदवीधर होती. एखादी अनुभवी काकू 'आमच्या वेळी असं नव्हतं हो' म्हणते. काकूंच्या वेळीही होतं. फ्लॉरेन्स गुडइनफ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी लहान मुलांच्या रागावर आख्खं पुस्तक लिहिलं, ते १९३१ साली. सुपरमार्केट तेव्हा जेमतेम जन्माला येत होतं आणि मोबाइल तर नव्हताच. भोकाड होतं.

२००३ मध्ये पोटेगल आणि डेव्हिडसन या संशोधकांनी दीड ते पाच वर्षांच्या ३३५ मुलांच्या आईवडिलांकडून एकेका आकांडतांडवाचं तपशीलवार वर्णन घेतलं आणि कोणती क्रिया किती वेळ चालली याची मोजदाद केली. सर्वात जास्त आढळलेली लांबी किती? अर्धं ते एक मिनिट. चारपैकी तीन प्रकरणं पाच मिनिटांच्या आत संपलेली. रिक्षावाल्याशी सुट्ट्या पैशांवरून होणारा वाद याहून जास्त टिकतो. त्यातच आणखी एक मजा सापडली. पहिल्या तीस सेकंदांत पाय आपटले गेले किंवा अंग जमिनीवर टाकलं गेलं, तर प्रकरण लवकर मिटण्याची शक्यता जास्त, आणि मोठ्यांना मध्ये पडण्याची गरज कमी. म्हणजे ज्या लोळणीने आपली अब्रू जाते ती लोळण प्रत्यक्षात शुभशकुन आहे. हे काकूंना सांगून बघा.

कारण फार गूढ नाही. दीड वर्षाच्या सुमाराला मुलाच्या तोंडी साधारण पन्नासेक शब्द असतात आणि मागण्या पाचशे. बाकीच्या साडेचारशेंचं काय करायचं? ओरडायचं. 'थांब, जरा विचार कर' हे खातं मेंदूच्या ज्या पुढच्या भागाकडे आहे, त्याचं बांधकाम विशी ओलांडल्यावरही चालूच असतं. आपण दोन वर्षांच्या मुलाकडून त्या खात्याची तत्काळ सेवा मागतो, वर पावतीही मागतो.

बरं, यावर आपले उपाय काय? पहिला उपाय दहशत. बागुलबुवा आता निवृत्त झालाय, त्याच्या जागी पोलीस काका आणि डॉक्टर काका. 'दंगा केलास तर डॉक्टर इंजेक्शन देतील.' मग पुढच्या लसीला दवाखान्यात शिरताना पोर किंचाळलं की आपणच म्हणतो, 'घाबरतोस काय, डॉक्टर काका किती छान आहेत!' दुसरा उपाय न्यायदान. पोर पळता पळता आपटलं की आजोबा फरशीला चापट मारतात: 'हात रे! बाळाला लागलं ना!' पाठोपाठ 'मुंगी मेली बघ' असा बातमीपत्रातला दुसरा ठळक मथळा. आपण पडलो तर चूक फरशीची, आणि नुकसान झालं ते मुंगीचं. सार्वजनिक जीवनाचं इतकं परिपूर्ण प्रशिक्षण इतक्या लवकर जगात दुसरीकडे कुठे मिळत असेल असं वाटत नाही.

तिसरा उपाय लाच. चार वेळा ठाम 'नाही' म्हणायचं आणि पाचव्या किंकाळीला 'घे बाबा, घे एकदाचं' म्हणून बिस्किटाचा पुडा हातात द्यायचा. पोर यातून 'रडू नये' असं शिकत नाही. पाच वेळा रडावं लागतं, हे शिकतं. पुढच्या आठवड्यात आपण सात वेळा टिकलो, तर भाव सातवर जातो. कधी मिळतं, कधी मिळत नाही, हा हिशेब माणसाला खिळवून ठेवतो. लॉटरीचा धंदा त्याच्यावरच चालतो.

चौथा उपाय खिशात असतो आणि चार्ज केलेला असतो. चिऊ-काऊच्या घासांची जागा आता एका नाचणाऱ्या भोपळ्याने घेतली आहे. भोपळा थांबला की तोंड मिटतं, भोपळा सुरू की तोंड उघडतं. आत गेलं ते वरण होतं की भरडा, याची पोराला खबर नसते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगून टाकलं की दोन वर्षांच्या आत पडदा नकोच आणि दोन ते चार या वयात दिवसाला एका तासाहून जास्त नको. आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं म्हणणंही याच वळणाचं आहे. हा सल्ला बहुतेक आईबाप मोबाइलवर वाचतात. पोराला मांडीवर घेऊन.

जे उपाय खरंच चालतात ते इतके कंटाळवाणे आहेत की त्यांचं दुकान निघू शकत नाही. भूक लागायच्या आधी खायला आणि पेंग यायच्या आधी झोपायला देणं. संध्याकाळी सातला, झोपेच्या वेळी, लग्नाच्या स्वागत समारंभाला न नेणं. भोकाड चालू असताना भाषण न देणं; जवळ बसणं, कोणाला लागणार नाही एवढं बघणं आणि वाट बघणं. बागेतून निघायच्या थोडं आधी 'आणखी दोन घसरगुंड्या, मग घरी' असं सांगून ठेवणं आणि खरोखर दोनच मोजणं. 'शर्ट घालायचा का?' असं विचारलं की उत्तर 'नाही' येणार, हे ओळखून 'निळा की पिवळा?' असं विचारणं. 'पळू नको' ऐवजी 'हात धरून चाल' म्हणणं, कारण पळायचं नाही तर नेमकं करायचं काय, हे त्याला अजून सुचत नाही. आणि घरात एकच सरकार असणं. हे शेवटचं सर्वात अवघड. आईने नाकारलेला प्रस्ताव पोर पाच मिनिटांत आजीच्या सभागृहात मांडतं आणि तिथे तो बिनविरोध मंजूर होतो.

वाटून खेळण्याबद्दल एक छोटी टोचणी. 'दे ना त्याला, शेअर करायचं असतं' हे वाक्य बागेत सर्वाधिक ऐकू येतं. मिल्ड्रेड पार्टेन यांनी १९३२ मध्येच नोंदवून ठेवलं की लहानग्यांचा खेळ बराचसा शेजारी शेजारी, पण स्वतंत्र चालतो. दोघे वाळूत, पण खड्डे वेगळे. एकत्र खेळणं हळूहळू येतं. पण आपल्याला दोन वर्षांच्या मुलात दानशूर कर्ण बघायचा असतो. हेच वाक्य म्हणणाऱ्या बाबांना सांगा की तुमची नवी गाडी शेजाऱ्याला दिवसभर चालवायला द्या. मग भोकाड किती सेकंद चालतं ते मोजा.

*

विकास विकणाऱ्यांचा आवडता ब्रँड अॅम्बॅसडर म्हणजे आइनस्टाइन. बिचारा वारला १९५५ साली, त्यामुळे तक्रार करू शकत नाही. अमेरिकेत १९९० च्या दशकात त्याच्या नावावर तान्ह्या मुलांसाठी व्हिडिओ निघाले: रंगीत खेळणी, बाहुल्या, मागे मोझार्ट. २००१ मध्ये डिस्नेने ती कंपनीच विकत घेतली. घराघरांत पोरं टीव्हीपुढे ठेवली गेली. आईबाप निश्चिंत, कारण पोर टीव्ही बघत नव्हतं, बुद्धिमान होत होतं. पुढे मुलांसाठी झगडणाऱ्या एका संघटनेने शैक्षणिक दाव्यांचा पाठपुरावा केला आणि २००९ मध्ये कंपनीने पैसे परत देऊ केले. डीव्हीडी परत करता आली. दुपारी कशा परत करणार?

खऱ्या आइनस्टाइनची कथा या व्हिडिओवाल्यांनी वाचली असती तर नाव बदललं असतं. त्याची बहीण माया हिने लिहून ठेवलंय की लहानपणी याला रागाचे जबरदस्त झटके यायचे. एकदा शिकवायला आलेल्या बाईंवर त्याने खुर्ची उगारली. बाई घाबरून पळाल्या त्या पुन्हा आल्याच नाहीत. एकदा मायाच्याच डोक्यावर जड चेंडू फेकला. आज तो आपल्या एखाद्या प्लेग्रुपमध्ये असता, तर दुसऱ्या दिवशी डायरीत लाल शाईने शेरा आणि 'पालकांनी भेटावे'. आणि खेळायचा कशाशी? पत्त्यांचे मजल्यावर मजले चढवायचा. चार-पाच वर्षांचा, आजारी असताना वडिलांनी त्याला एक साधं होकायंत्र दाखवलं, त्याची आठवण त्याने म्हातारपणीही लिहिली. त्या होकायंत्रात दिवा नव्हता. गाणं नव्हतं. 'शाब्बास, तू उत्तर दिशा शोधलीस!' असं ते म्हणत नव्हतं.

आजची खेळणी मात्र बोलतात. ससा अमेरिकन उच्चारात मुळाक्षरं म्हणतो, ट्रक रंगांची नावं सांगतो, खेळण्यातला लॅपटॉप बेरीज करतो. विकासकामाचा सगळा ठेका या ठेकेदारांनी घेतला असताना पोराने काय करायचं? बटण दाबायचं. अॅना सोसा या अमेरिकी संशोधक बाईंनी २०१६ मध्ये याची चाचणी प्रसिद्ध केली. दहा ते सोळा महिन्यांची बाळं आणि त्यांचे पालक, अशा २६ जोड्या. घरी खेळताना आवाज नोंदवणारं यंत्र चालू. एकदा बोलकी खेळणी, एकदा साधे ठोकळे आणि कोडी, एकदा चित्रांची पुस्तकं. बोलकं खेळणं समोर आलं की पालक कमी बोलले, बाळंही कमी बोलली, एकमेकांना उत्तर देणं घटलं. पुस्तकांसोबत बोलणं सर्वात जास्त. साहजिकच आहे. ससा एकटाच बोलत असेल तर मध्ये कशाला तोंड घालायचं? आपण भाषेचा विकास विकत आणला आणि घरातली भाषा बंद पाडली.

मला वाटतं खरी गोम इथे आहे. त्या सशाचं काम पोराला शिकवणं नाहीच. त्याचं काम आपल्याला मोकळं करणं आहे. ते तो चोख करतो. त्यात लाज वाटण्यासारखंही काही नाही; दोघं नोकरी करतात, घरी तिसरं माणूस नाही, कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत कोणीतरी पोर धरायला हवं. मग खोक्यावर तसं छापा ना: 'आईला वीस मिनिटं'. मी रांगेत उभा राहून घेईन. पण नाही, पावतीवर विकासच लागतो.

*

'माँटेसरी खेळणं' हा या बाजाराचा सध्याचा उच्चांक. त्या नावावर कोणा एकाचा हक्क नाही, त्यामुळे लाकडाला रंग न देता विकलं की ते माँटेसरी आणि किंमत तिप्पट. मारिया माँटेसरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधल्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत आपलं पहिलं बालगृह उघडलं. तिथे नेहमीची सुंदर खेळणीही ठेवली होती. पोरांनी त्यांच्याकडे फारसं बघितलंच नाही, असं त्या स्वतःच लिहितात. पोरांना हवं होतं खरं काम: ओतणं, पुसणं, बटणं लावणं, वस्तू जागेवर ठेवणं. ज्या बाईंना खेळणी मागे पडताना दिसली, त्यांच्याच नावाने आज खेळण्यांचं दुकान चालतं. आणि ओतणं-पुसणं करायला पोर स्वयंपाकघरात आलं, की आपण त्याला उचलून माँटेसरी खेळण्यांपाशी नेऊन बसवतो.

यातली पुढची गोष्ट आपल्या घरातलीच आहे आणि ती सांगताना माझा तिरकसपणा जरा ढिला पडतो. भावनगरला गिजुभाई बधेकांनी १९२० मध्ये बालमंदिर काढलं. तारा­बाई मोडक १९२३ मध्ये तिथे गेल्या. माँटेसरींचं साहित्य तेव्हाही महागच होतं. ताराबाईंनी १९४५ मध्ये डहाणूजवळ बोर्डीला काम सुरू केलं, सोबत अनुताई वाघ. समुद्रकाठचं गाव, गरीब वस्ती, पोरं शाळेत यायला तयार नाहीत. मग शाळाच पोरांच्या अंगणात गेली. तीच अंगणवाडी. साहित्य कुठलं? शिंपले, खडे, बिया, पानं, काटक्या. मोजायला, रचायला, लहान-मोठं लावायला, रंग जुळवायला हे सगळं पुरतं. इटलीहून काही मागवावं लागत नाही. १९५७ मध्ये त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन फिरणाऱ्या मुलींना शिकता यावं म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकत्र केली. त्या योजनेचं नाव विकासवाडी. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणावर शाळा, म्हणून कुरणशाळा. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्राची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेलं.

त्या देशभरच्या अंगणवाड्यांत पुढे काय झालं? खेळण्यांचा संच येतो, नोंदवहीत चढतो आणि पुष्कळदा कपाटात जातो, कारण तुटला तर जबाब कोण देणार. मध्यमवर्गाने नाक मुरडू नये. आपल्याकडे त्या कपाटाला शोकेस म्हणतात. सावंतवाडीच्या चितार आळीतून हौसेने आणलेली लाकडी फळं, भाजी, भातुकली काचेआड जाते. पोर काचेला नाक लावून बघतं. 'हात नको लावू, रंग जाईल.' पाव्हण्यांना मात्र हातात देऊन दाखवतात. पोराच्या हाती तोवर चीनहून आलेली पोलिसांची गाडी असते, जिचा भोंगा बंद करायची कळ कारखान्याने दिलेलीच नाही.

*

खेळणी किती असावीत? अमेरिकेत टोलीडो इथे २०१८ मध्ये ३६ लहानग्यांना आळीपाळीने चार आणि सोळा खेळणी देऊन बघितलं. चार असताना प्रत्येकाशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळले. सोळा असताना इकडून तिकडे नुसती ये-जा. आपल्या घरात सोळा ही संख्या वाढदिवसाच्या रात्रीच ओलांडली जाते. म्हणून उरलेली माळ्यावर टाका आणि महिन्याने अदलाबदल करा. जुनी वर गेली की नवी म्हणून खाली येतात. फुकटात. खेळण्यांची दुसरी अदलाबदल तर सोसायटीत आपोआप चालूच असते. बी विंगच्या वाढदिवसाला आलेलं ठोकळ्यांचं खोकं न फोडता सी विंगला जातं, तिथून डी. एक खोकं वर्षभरात मूळ मालकाकडे परत आलं, आत पहिल्या देणाऱ्याची चिठ्ठी तशीच.

सुरक्षिततेचं थोडक्यात आटोपतो, कारण यात विनोद कमी आहे. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना सूट आहे. ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या चाचणीच्या नळीत आख्खा मावणारा तुकडा तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती देत नाहीत. चपटे बटणसेल असलेलं खेळणं, रिमोट, वाजणारं शुभेच्छापत्र, सगळं स्क्रूने बंद असलेलं बघा. असा सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत भाजल्यासारखी खोल जखम होऊ शकते. गिळल्याचा नुसता संशय आला तरी थेट रुग्णालय. 'केळं खाऊ घाल, पडेल बाहेर' नाही.

आणि हो, ही सगळी दक्षता पाळणारं घर संक्रांतीनंतर बोरन्हाण करतं. काळं झबलं, हलव्याचे दागिने, पाट, आणि डोक्यावरून बोरं, हरभरे, शेंगा, उसाचे करवे, गोळ्या. मुलांच्या श्वासनलिकेत अडकणाऱ्या पदार्थांच्या यादीत शेंगदाण्याचा नंबर फार वरचा आहे. सोहळा जरूर करा, फोटोही काढा. फक्त खाली सांडलेलं गोळा करायच्या स्पर्धेत तीन वर्षांखालच्या स्पर्धकाला उतरवू नका.

आत बसवून गोल गोल फिरायचा चाकांचा वॉकर हा आणखी एक विकास. 'लवकर चालायला लागतो' अशी त्याची ख्याती. प्रत्यक्षात त्याने चालणं लवकर येत नाही, आणि जिन्यावरून गडगडण्याचे अपघात मात्र इतके की कॅनडाने २००४ मध्ये त्याची विक्रीच बंद केली. आपला पांगुळगाडा बरा. त्यात पोर बसत नाही, मागे उभं राहून ढकलतं. पाय त्याचे, तोल त्याचा, भिंतीवर आपटायचा निर्णयही त्याचाच.

*

अमेरिकेतल्या रॉचेस्टर शहरात खेळण्यांचं मानाचं दालन आहे. तिथे २००५ मध्ये पुठ्ठ्याचं खोकं दाखल झालं, २००८ मध्ये काठी, आणि २०२१ मध्ये वाळू. म्हणजे हजार रुपयांच्या डब्यांचा विकास ज्या खोक्यातून आला ते खोकं सन्मानप्राप्त आहे आणि आपण ते रद्दीवाल्याला दिलं. वाळू तर आपल्या शहरांत भरपूर; चार पावलांवर कोणाचा ना कोणाचा टॉवर उठतोय. पण त्या ढिगाला वॉचमन असतो.

म्हणून आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत दोन आयांनी मागच्या कोपऱ्यात वाळूचा एक खड्डा करावा असा ठराव मांडला. खर्च नगण्य. चर्चा तब्बल तासभर चालली. मांजरं घाण करतील. पोरं वाळू घेऊन लिफ्टमध्ये येतील. लिफ्ट नवी आहे. एका ज्येष्ठांनी विचारलं, 'यातून मुलांना नेमकं काय शिकायला मिळणार?' आयांना प्रमाणपत्र दाखवता आलं नाही. ठराव फेटाळला आणि त्या कोपऱ्यात दोन चारचाकींचं पार्किंग आखलं.

त्यातली एक जागा भरली आहे. लाल रंगाची, बॅटरीवर चालणारी जीप. दिवे लागतात, हॉर्न वाजतो, खोक्यावर 'समन्वय व निर्णयक्षमता' लिहिलेलं होतं. मालक अडीच वर्षांचे. रोज संध्याकाळी ते स्टीअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून बसतात, आणि बाबा मागून चालत रिमोटने गाडी वळवतात.